इंदूचा फोन येण्याआधी

धरणगावहून धुळ्याला जायला एसटीला दोन-अडीच तास लागतात. मला पाच दिवस लागले. परत आल्यापासून जो भेटतो तो आधी पाय दाखवायला सांगतो आणि पाय पाहून झाले की विचारतो, "गुरुजी, नवस होता का?" नवस नव्हता. गडावरच्या देवीला पायी निघालो, असं नोंदणीच्या कागदावर लिहिलं आहे, पण गडापर्यंत मी गेलोच नाही. धुळ्यातच थांबलो. का थांबलो, याचं कारण मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं आहे. कोणाला गुडघा, कोणाला ऊन, कोणाला पोट. तिन्ही खरी आहेत. पण त्यांच्यासाठी मी थांबलो नाही.

मी मूळचा बोदवडकडचा. प्राथमिक शिक्षक म्हणून सगळी नोकरी पारोळा तालुक्यात झाली, आता जळगावात मुलाकडे असतो. माझी जन्मतारीख कागदोपत्री एक जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती, कारण आमच्या हेडमास्तरांना दुसरी सुचत नसे. आई मात्र सांगायची, "रामनवमीचा सुंठवडा संपला नव्हता, तेव्हा तू झालास." म्हणजे चैत्रातली दशमी. पुढे मी मास्तर झाल्यावर एकदा वर्गात सुंठवडा वाटताना ही गोष्ट पोरांना सांगितली. सगळी विसरली, एक मुलगी विसरली नाही. तिचं नाव इंदू. आज तीही पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिचं सासर धुळे तालुक्यात, महामार्गापासून आत. दरवर्षी दशमीला सकाळी तिचा फोन येतो. आधी शेजारच्या दुकानात यायचा, मग घरी, आता मोबाईलवर. आणि दरवर्षी फोन ठेवण्याआधी ती एक वाक्य बोलते: "गुरुजी, त्या वेळेस तुम्ही एकटेच माझ्या बाजूने होतात."

मी तिच्या बाजूने नव्हतो. ती सातवीत असताना तिच्या बापाने तिचं लग्न ठरवलं, सामुदायिक विवाहात. त्या समितीला वयाचा दाखला हवा होता. बाप माझ्याकडे आला. मी त्याला दोनदा नाही म्हणालो आणि तिसऱ्यांदा रजिस्टर काढलं. ब्लेडने तारीख खरवडली, वर नवी लिहिली, दाखला दिला, मुलगी अठरा वर्षांची झाली. लग्नात मला पुढच्या रांगेत बसवून टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. टोपी मी तिथेच डोक्यावर घातली. पुढे इंदू माहेरपणाला आली तेव्हा तिने विचारलं, तर मी सांगितलं, की मी खऱ्या तारखेचाच दाखला दिला होता, तुझ्या बापाने तो फाडला आणि बाहेरून दुसरा आणला. बाप तोवर वारला होता. तिने विश्वास ठेवला.

हे तिला सांगायला मी एसटीने तीनदा गेलो. तीनदा चहा पिऊन परत आलो. बसने माणूस फार ताजातवाना पोचतो आणि ताज्या माणसाला थापा चांगल्या सुचतात. या वर्षी ठरवलं, पायी जायचं, आणि दशमीला तिचा फोन येण्याआधी तिच्या दारात उभं राहायचं. ते फोनवरचं वाक्य पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. एकट्याने चालायला मुलाने परवानगी दिली नसती, म्हणून धरणगावहून गडावर निघणाऱ्या पदयात्रेत नाव घातलं. इथून माझे हाल सुरू झाले.

धरणगाव ते एरंडोल

पदयात्रेत आम्ही पस्तीस जण होतो आणि एक टेम्पो. टेम्पोत देवीची तसबीर, जनरेटर, सामान आणि दोन माणसांच्या उंचीचे दोन स्पीकर. प्रमुख भिकनभाऊ. त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे टेम्पोच्या तिन्ही बाजूंना भिकनभाऊ हात जोडून उभे होते. स्पीकरवर देवीचं एकच गाणं होतं. मी पहिल्या तासात त्याचे शब्द शिकलो, दुसऱ्या तासात त्यातल्या व्याकरणाच्या चुका काढल्या आणि तिसऱ्या तासात कानात कापूस घातला. कापसाला आमच्याकडे तोटा नाही.

ऊन काय वर्णावं? चैत्रात खानदेशात सकाळी दहा वाजता रस्ता तापून मऊ होतो. दोन्हीकडे रिकामी काळी शेतं, बांधावर उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि सावली म्हणून एखादा निंब. त्या निंबाखाली आधीच दहा माणसं बसलेली.

त्याहून मोठं संकट म्हणजे सेवा. दर दोन-तीन मैलांवर कोणीतरी मंडप घालून उभं असतं. साबुदाण्याची खिचडी, ताक, टरबूज, लाल सरबत, चहा, परत खिचडी. नको म्हणायची सोय नाही. आमच्या बोदवडकडे पाहुण्याला निदान एकदा विचारतात आणि मग वाढतात. इकडे विचारायचीच पद्धत नाही. एका बाईने माझ्या हातात ताकाचा ग्लास दिला, मी म्हणालो, "आत्ताच घेतलं." ती इकडच्या अहिराणीत म्हणाली, "ते त्यास्नं व्हतं. हाई आमनं शे." यावर काय बोलणार? प्यालो. एरंडोलला पोचेपर्यंत पोटात ताक, टरबूज आणि खिचडी यांचं एकमेकांशी पटेनासं झालं होतं. पोटाच्या गोळ्या माझ्या पिशवीत, पिशवी टेम्पोत आणि टेम्पो मुक्कामाची जागा चुकून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला.

"गुरुजी, तुम्ही टेम्पोमा बसत जा ना," भिकनभाऊ म्हणाले. "देवी काय हजेरी ली राहिनी का?"

"मला चालायचं आहे."

"मंग चाला. पन पडनात तर माले सांगी पडा, मी फोटो काढसू."

स्वयंपाक सुमनअक्का करायच्या. साठीच्या, ठेंगण्या, त्यांची ही सातवी खेप. त्या रात्री वरण-बट्टी होती. आमच्याकडे बट्टीबरोबर घोटलेली वांग्याची भाजी लागतेच, तशी आठवण मी सहज बोलून दाखवली. अक्कांनी पळी खाली ठेवली.

"गुरुजी, वांगं टेम्पोमा शेत. चूल आठे शे. करी ल्या."

त्यानंतर धुळ्यापर्यंत मी जेवणाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

शाळेचं गाव

तिसऱ्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत माझं जुनं गाव लागतं. तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं हेडमास्तर होतो. नाव लिहीत नाही, शाळेने काही केलेलं नाही. मी यात्रेतून बाजूला झालो आणि आत गेलो. सकाळची शाळा होती. जिथे आम्ही कौलं शाकारायचो तिथे आता स्लॅब आहे, भिंतीवर रंगीत पाढे आहेत. एक तरुण बाई मुख्याध्यापिका आहेत. मी मागे इथे काम केलं आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी चहाला नाही म्हणालो, तर त्यांनी दोन मागवले.

"मला जुनं जनरल रजिस्टर बघायचं आहे."

"कोणाचा दाखला हवा आहे, सर?"

"दाखला नको. एक नोंद चुकीची आहे. ती दुरुस्त करायची आहे."

त्यांनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं. पान सापडायला वेळ लागला नाही. माझंच अक्षर. त्या वयात मी मोठ्या ऐटीत लिहायचो, प्रत्येक रेघ शेवटी वर वळवलेली. इंदूच्या नावापुढे जन्मतारखेच्या रकान्यात कागद पातळ झाला आहे, उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. वर नवी तारीख, एक जून, आणि बाजूला लाल शाईत "पालकांच्या सांगण्यावरून दुरुस्ती" आणि सही. खालची जुनी तारीख वाचता येत नाही. मी बराच वेळ प्रयत्न केला. बाईंनी मोबाईलचा दिवा लावून दिला. तरी नाही. त्या काळी ब्लेड चांगली मिळायची.

"ही सही कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी."

"मग सर, तुम्हीच तर दुरुस्त केली आहे."

"दुरुस्त नाही, बिघडवली आहे. आता मी लिहून देतो."

बाई अवघडल्या. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची नोंद आता बदलता येत नाही, असं त्यांनी मला नियमासकट समजावून सांगितलं. हा नियम मी स्वतः शेकडो पालकांना तोंडावर फेकलेला आहे. शिवाय खरी तारीख कोणती लिहायची हा प्रश्न होताच. मग त्या सहज बोलून गेल्या, "जाऊ द्या ना सर. आता कोणाला लागतंय?"

मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं, इंदूचा बाप तिसऱ्यांदा आला आणि मी दाखला दिला, तेव्हा मीही मनात हेच म्हणालो होतो. चहा पिऊन निघालो.

पारोळा

पारोळ्यात बाजार समितीच्या शेडमध्ये मुक्काम होता. बाहेरून किल्ल्याचा बुरूज आणि खंदक दिसतो. पूर्वी इथे मी मुलांच्या सहली आणायचो आणि खंदकात कोणी उतरू नये म्हणून दिवसभर ओरडायचो. आता उतरायला कोणाला वेळ नाही, वरूनच फोटो काढतात.

उजव्या टाचेला फोड आला होता. सुमनअक्कांनी हळद आणि तेल लावून कापड बांधलं. बांधताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक दिन थांबा. परवा टेम्पो तुमले घेई जाई."

"मला दशमीला मुकटीच्या पुढे असायलाच हवं."

जवळ बसलेल्या भिकनभाऊंनी मान वर केली. "दशमीले काय शे?"

या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला आडवळणाने बोलायची सवय. म्हणालो, "काही नाही, माझा वाढदिवस असतो."

भिकनभाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो फ्लेक्सचं दुकान असलेल्या माणसाच्याच चेहऱ्यावर दिसू शकतो. "बठ्ठास्नी ऐका रे! गुरुजीना बड्डे!"

"भिकनभाऊ, काहीही करायचं नाही."

"काहीच नही. तुम्ही बिनघोर झोपा."

त्यांचा एक मित्र पारोळ्यातच छपाई करतो, हे मला उशिरा कळलं.

मुकटी

रामनवमीच्या दिवशी पारोळ्याहून मुकटीला पोचलो. त्या दिवसाबद्दल एवढंच लिहितो की आता चौपदरी झालेल्या त्या रस्त्यावर सगळी झाडं गेली आहेत, आणि दुपारी बारा वाजता एका मंदिरात राम जन्माला आला तेव्हा मी त्याच्या पायरीवर पालथा पडून होतो. गावातल्या बायकांनी सुंठवडा दिला. तो मी पडल्या पडल्याच हातात घेतला, निम्मा सांडला.

माझा बेत सोपा होता. दशमीला पहाटे उठायचं, कोणाला न सांगता निघायचं. इंदूचं गाव तिथून दोन तासांवर. तिचा फोन आठच्या आसपास येतो. सात वाजता मी तिच्या दारात.

पहाटे पाचला उठलो तर चपला नाहीत. भिकनभाऊंनी त्या टेम्पोत ठेवून कुलूप लावलं होतं. "तुम्ही पयी जाशात हाई माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. माझ्या पळून जाण्याला ते लाज समजले.

सगळ्यांच्या आंघोळी होऊन मंडळी मंदिरासमोर जमली तेव्हा साडेसात झाले होते, आणि तिथे फ्लेक्स लागला होता. त्यावर माझा फोटो, नोंदणीला दिलेल्या आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात मी पोलिसांना हवा असलेल्या इसमासारखा दिसतो. खाली ठळक अक्षरांत 'आदर्श गुरुजी' आणि बाजूला 'शुभेच्छुक' म्हणून भिकनभाऊ, माझ्यापेक्षा मोठे. केक पारोळ्याहून आदल्या दिवशी आणलेला, बिनअंड्याचा. त्यावरचं माझं नाव उष्म्याने वितळून पुठ्ठ्यावर आलं होतं. पंचाहत्तरची मेणबत्ती वाकली होती. पंचाहत्तर हे वयही आधार कार्डाचं. खरं कोणालाच माहीत नाही, मलाही नाही.

"अहो, मला निघायचंय."

"केक कापा नि निघा. पाच मिनिट."

पाच मिनिटांची पस्तीस झाली, कारण प्रत्येकाला माझ्या तोंडात केक घालून फोटो काढायचा होता. कोणीतरी फेसाचा डबा फवारला. तो माझ्या चष्म्यावर बसला. आमच्या लहानपणी वाढदिवसाला आई पाटावर बसवून ओवाळायची, संपलं. त्यात कोणाच्या डोळ्यात काही जात नसे. माझा मोबाईल फोटो काढायला भिकनभाऊंच्या हातात होता. मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात तो वाजला.

"इंदू कोण शे, गुरुजी?"

"द्या इकडे. द्या म्हणतो ना!"

पण त्यांनी फोन उचलला होता, आवाज मोठा केला होता आणि स्पीकरचा माइक त्याला लावला होता. इंदूचा आवाज मंदिराच्या कळसापर्यंत गेला.

"गुरुजी, आज दशमी शे. तुमले मी काय आशीर्वाद देऊ, तुम्हीच माले द्या."

"ताई, आम्ही बठ्ठा गुरुजीना बड्डे करी राहिनूत," भिकनभाऊ माइकवर म्हणाले. "तुम्ही कोण? दोन शब्द बोला."

"मी त्यास्नी शाळामा व्हतू. बठ्ठा ऐकी राहिनात का? मंग सांगस. मी सातवीमा व्हतू तवय मना बापनी मनं लगीन ठराडं. बठ्ठा गाव एक बाजूले, नि गुरुजी एकला मना बाजूले. खोटा दाखला देवाले त्यास्नी मना बापले तोंडवर 'नही' सांगं. मनं लगीन काही टळनं नही. पन एक माणूस तरी 'नही' बोलना, हाई मी कवयच नही भूलनू."

पस्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. दर्शनाला आलेल्या गावातल्या लोकांनीही वाजवल्या. सुमनअक्कांनी पदराने डोळे पुसले. भिकनभाऊ म्हणाले, "आसा गुरुजी जोयजेत!" आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला.

माझ्या तोंडात केक होता. तो गिळून मी म्हणालो, "सुखी राहा, पोरी."

इतकी वर्षं मी एका माणसाशी खोटं बोलत आलो होतो. त्या सकाळी लाउडस्पीकरवर बोललो.

इंदूचं गाव

चपला मिळाल्यावर मी एकटा निघालो. भिकनभाऊंना सांगितलं, संध्याकाळी धुळ्यात गाठतो. फोडामुळे दोन तासांचा रस्ता तीन तासांचा झाला. कालव्याच्या कडेने कच्ची वाट होती. एका ठिकाणी बैलगाडीवाला थांबून म्हणाला, "बसा आबा." मी नको म्हणालो, आणि पुढचा मैलभर स्वतःला शिव्या दिल्या. डोक्यावर ऊन, शर्टाच्या कॉलरमध्ये वाळलेला फेस, आणि कानात त्या टाळ्या.

इंदू घरामागे वाळवणाच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. आंबवलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजवलेला, बाजेवर ओलं धोतर अंथरलेलं, आणि त्यावर ती ओल्या हाताने गोल गोल बिबड्या थापत होती. मला पाहून तिचे हात तसेच राहिले.

"गुरुजी! आते तर फोनवर बोलनूत! पायी उनात? ह्या वयमा?"

तिने पाणी दिलं, निंबाखाली खुर्ची टाकली आणि हातात काठी दिली. "जरासा कोंबड्या हाकला. घाटा थंड व्हई जाई, मंग थापता येत नही. थापता थापता बोलस."

तर मी काठी घेऊन बसलो. असं बसून बोलायचं मी कधी ठरवलं नव्हतं, पण आता उठलो असतो तर चौथ्यांदा परत गेलो असतो.

"इंदू, तुझ्या लग्नाचा दाखला मी लिहिला होता."

"तुम्हीच लिखशात ना. हेडमास्तर तुम्हीच व्हतात. बापनी तो फाडा नि दुसरा आना."

"दुसरा नव्हताच. एकच होता. अठरा मी लिहिले."

तिने बिबडी थापली. मग पुढची. मी न थांबता सांगत गेलो. ब्लेड, लाल शाई, टॉवेल-टोपी, मग ती विचारायला आली तेव्हा सांगितलेली फाडलेल्या दाखल्याची गोष्ट. मला भीती होती, थांबलो तर तिला बोलावं लागेल. पाचवी बिबडी तिने चौथीच्या वरच घातली. ते तिच्या ध्यानात आलं, तिने दोन्ही गोळा करून पातेल्यात परत टाकल्या आणि हात धुतले.

"मी तुमनाकडे उनू व्हतू," ती म्हणाली. "लगीनना आठ दिन पयले. शाळा सुटनी व्हती. मी सांगं, गुरुजी, माले स्कॉलरशिपनी परीक्षा देवानी शे, तुम्ही बापले 'नही' सांगा. तुम्ही सांगं, बोलस मी तुना बापसंगे."

"हो."

"तवय दाखला दियेल व्हता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं. "माझ्या खिशात होता," मी म्हणालो. "तू गेल्यावर तुझा बाप घेऊन गेला."

एक कोंबडी बाजेवर चढली. मी काठी उगारली नाही, तिनेही हाकलली नाही.

"मनी आंडेर दहावीमा व्हती," ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "सासरा सांगे, स्थळ चांगलं शे, देई टाका. बठ्ठा घर एक बाजूले. मी सांगं, एक परका मास्तर मनासाठी गावसंगे भांडना, मी तर इनी माय शे. दोन वरीस भांडनू. तुमना नाववर भांडनू, गुरुजी." तिची ती मुलगी आज नाशिकला नर्स आहे. इंदू हसली, पण ते हसू मला दाखवण्यासाठी नव्हतं. "नि तुम्ही भांडेलच नव्हतात."

"चुकलो, इंदू."

"चुकनात आसं आठे माले एकलीले काब्र सांगतस? आठे कोण शे? ह्या कोंबड्या? सकाळे इतला लोकेस्नी टाळ्या वाजाड्यात. त्यास्ले सांगा."

मी कारणं काढली. ते लोक धुळ्याच्या वाटेला लागले असतील. माझी टाच फुटली आहे. त्यांना या सगळ्याचं काय? तिने शांतपणे ऐकून घेतलं, अगदी मी पालकांचं ऐकायचो तसं, आणि घरात गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात ताटली होती, त्यात गरम घाटा आणि वर कच्चं तेल. दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली.

"खाई ल्या. मंग निघूत."

खाल्लं. आंबटसर, तिखट, जिभेला भाजणारं. पाच दिवसांत खाल्लेल्यातलं सगळ्यात चांगलं तेच होतं, आणि तसं तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

धुळे

ऊन जरा उतरल्यावर आम्ही निघालो. पाच दिवस ज्या रस्त्याशी भांडलो, त्याचा शेवटचा तुकडा स्कूटरच्या मागच्या सीटवर पाऊण तासात संपला. स्कूटर इंदू चालवत होती. मी तिच्या खांद्याला धरायचं टाळत होतो, त्यामुळे फागण्याजवळच्या गतिरोधकावर पडता पडता वाचलो.

पांझरा नदीच्या अलीकडे एका मंगल कार्यालयाच्या आवारात यात्रा उतरली होती. ऊन कलायला लागलं होतं, आरतीची तयारी चालली होती. आमच्या आधी फ्लेक्स पोचला होता आणि टेम्पोला बांधला होता.

"बड्डेवाला उनात!" भिकनभाऊ ओरडले. मग इंदूकडे पाहून, "ह्याच का त्या ताई? या, या! अक्का, खुर्ची आना!"

"मला माइक हवा आहे," मी म्हणालो.

भिकनभाऊंना वाटलं, आभार मानायचे असतील. त्यांनी आनंदाने माइक दिला. तो आधी किंचाळला, मग बंद पडला, मग जनरेटर बंद पडला. मी माइक धरून पंधरा मिनिटं उभा होतो आणि पस्तीस माणसं कौतुकाने माझ्याकडे बघत होती. वर्गात इतकी वर्षं उभा राहिलो, इतकं लांब कधी वाटलं नव्हतं. शेवटी जनरेटर लागला.

मी सांगितलं. छोटंच सांगितलं. सकाळी ताई जे बोलल्या ते त्यांना मी सांगितलेलं होतं आणि ते खोटं होतं. खोटा दाखला मागणाऱ्याला मी दोनदाच नाही म्हणालो, तिसऱ्यांदा दिला. सातवीत शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचं वय मी माझ्या हाताने अठरा केलं. तिने माझ्याकडे येऊन विनवलं, तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता.

टाळ्या अर्थातच वाजल्या नाहीत. मागे कोणीतरी कुजबुजत विचारलं, "काय सांगतस गुरुजी?" आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. भिकनभाऊ खाली पाहत राहिले. सुमनअक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मी हात पुढे केला, त्या माझ्यावरून पुढे गेल्या आणि तो इंदूला दिला.

इंदू पाणी प्यायली. मग म्हणाली, "गुरुजी, सातवीनी पोर पंधरा वर्षनी कशी ऱ्हाई?"

मला समजलं नाही.

"तुम्ही मास्तर शेत ना? सातवीमा कितला वर्षनं पोर ऱ्हास? मनी मायनी माले सांगेल शे. लगीनना दिन माले तेरा पुरा व्हईसन दोन महिना व्हयेल व्हतात."

इतकी वर्षं माझ्या मनात ती पंधराचीच होती. ब्लेडने खरवडलेल्या जागी काय होतं ते कोणालाच वाचता येत नव्हतं, तेव्हा मी स्वतःसाठी तिथे पंधरा लिहून ठेवले होते. आणि तेच आता कबुलीत सांगितलं होतं.

"तेरा," मी म्हणालो. माइक खाली गेला होता.

"जोरमा सांगा. मांगेना लोकेस्ले ऐकू नही उनं."

मी माइक तोंडाजवळ घेतला आणि मागच्या रांगेकडे बघून सांगितलं, की इंदूचं लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती.